तिने सांगितले होते...

पुणे, प्रतिनिधी

शहराच्या पानावर आठवड्यातून एकदा तरी छापली जाणारी एक बातमी असते. तिचा साचा वर्षानुवर्षे बदललेला नाही. विवाहितेचे वय, राहण्याचे ठिकाण, 'माहेरहून पैसे आणावेत यासाठी शारीरिक व मानसिक छळ केल्याची फिर्याद', पती, सासू, सासरे व नणंद यांच्याविरुद्ध गुन्हा आणि शेवटी तपास करणाऱ्या पोलिस उपनिरीक्षकाचे नाव. मृत्यू झालेला नसेल तर एवढीही जागा मिळत नाही. 'घरगुती वादातून मारहाण' अशा चार ओळींत प्रकरण आटोपते. प्रस्तुत प्रतिनिधीने अशा बातम्या इतक्या लिहिल्या आहेत, की फिर्यादीची प्रत समोर आली की पहिले वाक्य बोटे आपोआप टंकित करतात. मात्र ती प्रत शेवटपर्यंत वाचली, तर तिच्यात पुष्कळदा आणखी एक वाक्य सापडते आणि नेमके तेच बातमीतून गळते. 'तिने आम्हाला हे सांगितले होते. परंतु आम्ही तिची समजूत घालून तिला परत नांदावयास पाठविले.'

हे वाक्य वडिलांचे असते, आईचे असते, कधी थोरल्या भावाचे असते. त्यात दुष्टपणा नसतो. मुलीवर जीव असणाऱ्या माणसांनीच ते उच्चारलेले असते आणि ते उच्चारताना त्यांची काय अवस्था होते, हे पोलिस ठाण्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पण कौटुंबिक हिंसाचाराविषयीच्या जनजागृतीचा विचार करायचा, तर तो या वाक्यापासूनच करावा लागेल.

दरवर्षी 25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर असा पंधरवडाभर या विषयाचा जागर होतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील मिराबाल भगिनींची 1960 मध्ये याच तारखेला हुकूमशाही राजवटीने हत्या केली. त्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रांनी 1999 मध्ये 25 नोव्हेंबर हा दिवस महिलांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनासाठी जाहीर केला. आपल्याकडेही महाविद्यालयांत पथनाट्ये होतात, रेल्वे स्थानकांवर फलक लागतात. त्या फलकांवरील मजकूर पाहावा. 'मौन सोडा', 'आवाज उठवा', 'अन्याय सहन करू नका'. सारी वाक्ये आज्ञार्थी आहेत आणि ती सारी तिलाच उद्देशून आहेत. जणू ती बोलली नाही म्हणून सारे अडले आहे! ती ज्यांच्याजवळ बोलते, त्यांनी पुढे काय करायचे, हे सांगणारा फलक सहसा दृष्टीस पडत नाही.

आकडे पाहिले तर ही उणीव अधिक ठळक होते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, देशातील 18 ते 49 वयोगटातील विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे आणि आधीच्या फेरीच्या तुलनेत ते घटलेले नसून वाढलेले आहे. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला हे भूषणावह नाही. अर्थात, वाढ हिंसेत झाली की ती पाहणी करणाऱ्यांपुढे उघड करण्यात झाली, हे केवळ या आकड्यावरून ठरविता येणार नाही. त्याच पाहणीतील दुसरा आकडा मात्र असा दुहेरी अर्थ लावू देत नाही. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. 77 टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. ज्यांनी मदत मागितली, त्यांनी ती सर्वाधिक प्रमाणात माहेरच्या माणसांकडे मागितली. पोलिस, वकील, डॉक्टर हे या यादीत फार खाली येतात.

म्हणजे व्यवहारात या देशातील पहिले तक्रार निवारण केंद्र हे माहेरचे स्वयंपाकघर आहे. तिथे बसलेल्यांची मनोभूमिका काय? याच पाहणीत, काही कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे समर्थनीय आहे, असे मानणाऱ्या स्त्रिया सुमारे 45 टक्के निघाल्या आणि पुरुष 44 टक्के. सासू-सासऱ्यांचा अनादर हे त्यांत स्त्रियांनी सर्वाधिक मान्य केलेले कारण. तेव्हा मुलगी फोनवर रडू लागली की पलीकडून पहिला प्रश्न 'तू काय बोललीस?' असा का येतो, याचे कोडे पडायला नको.

पण सारा दोष मनोवृत्तीवर ढकलणेही सोयीचे असते. 'भांड्याला भांडे लागणारच', 'मूल झाले की निवळेल' ही वाक्ये लोकलाजेतून येतात तशीच हिशेबातूनही येतात. वडील निवृत्त झालेले, भावाचे लग्न होऊन दोन खोल्यांच्या सदनिकेत त्याचा संसार, धाकटी बहीण लग्नाची, नातवाची शाळा सासरच्या घराजवळ. मुलीला आणायचे तर झोपवायचे कुठे, इथपासून प्रश्न सुरू होतो. शहरातील जागेचे भाव ठाऊक असणाऱ्यास या प्रश्नाची थट्टा करवणार नाही. आई-वडिलांच्या दृष्टीने मुलीपुढे दोनच मार्ग असतात: सोसत राहणे किंवा घर सोडणे. दुसरा परवडत नाही, म्हणून पहिल्याची समजूत घातली जाते.

तिसरा मार्ग आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. घर न सोडता मार थांबविण्याचा मार्ग. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 मध्ये संमत झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. या कायद्याचे मर्म शिक्षेत नाही, छपरात आहे. त्याच्या सतराव्या कलमानुसार, कौटुंबिक नात्यात राहणाऱ्या स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. घरावर तिचे नाव असो वा नसो. एकोणिसाव्या कलमाखाली दंडाधिकारी तिला घराबाहेर काढण्यास मनाई करू शकतात, पतीला घरातून दूर होण्याचा आदेश देऊ शकतात किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाच्या दुसऱ्या घराची व्यवस्था करण्यास सांगू शकतात. मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळही या कायद्याच्या व्याख्येत येतो. पगाराचे एटीएम कार्ड काढून घेणे, घरखर्च बंद करणे, स्त्रीधन दाबून ठेवणे हे सारे त्यात बसते. शिवाय हा कायदा केवळ पत्नीसाठी नाही. मुलाकडून छळ होणारी आई, भावाकडून छळ होणारी अविवाहित बहीण, विधवा भावजय, विवाहसदृश नात्यात राहणारी स्त्री, या साऱ्या त्याच्या आधाराने दाद मागू शकतात.

या निवासहक्काची न्यायालयातील वाटचाल शहरी वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी, कारण ती त्यांच्याच सदनिकांची गोष्ट आहे. पुण्या-मुंबईत लग्नानंतर नवरा-बायको ज्या घरात राहतात, ते घर बहुधा सासऱ्यांच्या वा सासूच्या नावावर असते. कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरुणा बात्रा खटल्यात असा अर्थ लावला, की घर पतीच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा त्याचा हिस्सा असलेल्या एकत्र कुटुंबाचे असेल तरच ते सामायिक घर. सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क मागता येणार नाही. 'घर आईच्या नावावर आहे, तू चालती हो' या वाक्याला त्यामुळे कायद्याचे बळ मिळाले. मग जागा कोणाच्या नावावर ठेवावी, याचे सल्लेही फिरू लागले. हा अर्थ पुसला गेला तो 15 ऑक्टोबर 2020 रोजी, सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात. पतीच्या नातेवाइकाच्या मालकीचे घर असले, तरी स्त्री तिथे कौटुंबिक नात्यात काहीशा स्थिरपणे राहत असेल, तर ते सामायिक घर ठरू शकते, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काचाही तोल राखावा लागेल, हेही न्यायालयाने बजावले आणि ते रास्तच आहे. पण मधली चौदा वर्षे किती जणी केवळ सात-बारा वा करारनाम्यावरील नावामुळे रस्त्यावर आल्या, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

दरम्यान, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरल हरसोरा खटल्यात प्रतिवादीच्या व्याख्येतील 'प्रौढ पुरुष' हे शब्द रद्द केले. त्यामुळे छळ करणारी सासू वा नणंद यांच्याविरुद्धही अर्ज करता येतो. हे प्रकरण मुंबईतलेच होते.

एवढे सारे कायद्यात आहे. मग ते मिळवायचे कसे? इथे एका अधिकाऱ्याचा संबंध येतो. हा लेख लिहिण्यापूर्वी कार्यालयातील सहकाऱ्यांना सहज विचारले, 'संरक्षण अधिकारी कोण असतो?' गुन्हेगारी वार्तांकन करणारे एक-दोघे सोडले, तर बाकीच्यांना हा शब्द सुरक्षारक्षकाशी संबंधित वाटला. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण संपूर्ण कायदा ज्या खुंटीवर टांगला आहे, ती खुंटी म्हणजे हा संरक्षण अधिकारी. पीडित स्त्रीचे म्हणणे ऐकून कौटुंबिक घटना अहवाल तयार करणे, तो दंडाधिकाऱ्यांकडे पाठविणे, तिला मोफत कायदेशीर मदत, वैद्यकीय उपचार आणि गरज पडल्यास निवारागृह मिळवून देणे, पुढे न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी होते की नाही ते पाहणे, ही त्याची कामे. त्याने विनाकारण कर्तव्यात कसूर केल्यास त्यालाही शिक्षेची तरतूद आहे. मात्र राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीखेरीज त्याच्यावर खटला भरता येत नाही.

कागदावर ही रचना सुबक आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांनी आधीच कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अधिकाऱ्यांना 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून हे पद चिकटवून दिले. अर्ज आल्यापासून सर्वसाधारणपणे तीन दिवसांत पहिली सुनावणी आणि तिथून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. परंतु 1 जुलै 2022 रोजी या कायद्याखालील चार लाख 71 हजारांहून अधिक प्रकरणे देशभर प्रलंबित असल्याची माहिती सर्वोच्च न्यायालयासमोर आली. अखेर 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना आदेश द्यावा लागला, की महिला व बालविकास विभागातील अधिकारी निश्चित करून त्यांना जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमावे. कायदा संमत झाल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी न्यायालयाला सांगावे लागते, की अधिकारी नेमा! त्याच निकालात न्यायालयाने अकराव्या कलमाची आठवण करून दिली. या कायद्याला दूरचित्रवाणी, नभोवाणी व मुद्रित माध्यमांतून नियमित व व्यापक प्रसिद्धी देणे हे कलम केंद्र व राज्य सरकारांवर बंधनकारक करते. जनजागृती ही या बाबतीत कोणाची मर्जी वा समाजसेवा नाही, ते सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे.

अधिकारी सापडला नाही म्हणून सारेच अडते, असे मात्र समजू नये. स्त्रीला थेट दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो आणि संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी न्यायालय आदेश देऊ शकते, हे मे 2022 मधील प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट झाले आहे.

या ठिकाणी एक आक्षेप हमखास येतो. कायद्यांचा गैरवापर होतो, खोट्या तक्रारी होतात, साऱ्या कुटुंबाला गोवले जाते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. भारतीय दंड संहितेत 1983 मध्ये आलेल्या कलम 498 अ बाबत (जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 85) सर्वोच्च न्यायालयानेच वेळोवेळी इशारे दिले आहेत. 2014 च्या अर्नेशकुमार निकालानंतर यांत्रिक अटकेला आळाही बसला. परंतु या चर्चेत दोन कायद्यांची सरमिसळ होते. 498 अ हे फौजदारी कलम आहे. 2005 च्या कायद्याचे दिलासे प्रामुख्याने दिवाणी स्वरूपाचे आहेत. मारू नका, घराबाहेर काढू नका, खर्चाला पैसे द्या, एवढेच न्यायालय प्रथम सांगते. तुरुंगाचा प्रश्न येतो तो संरक्षणाचा आदेश मोडल्यास. ज्या घरांना 'पोलिसांत गेलो तर संसार मोडेल' अशी भीती वाटते, त्यांना खरे तर हाच कायदा आधी समजला पाहिजे. तो समजत नाही, म्हणून बहुतेक घरे काहीच करत नाहीत आणि शेवटी एकदम 498 अ पर्यंत पोहोचतात.

ऐकणाऱ्यांना जागे करण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जून 1982 मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा विषबाधेने मृत्यू झाला. खालच्या न्यायालयाने पतीला दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने ते कायम केले. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये संशयाचा फायदा देऊन त्याची मुक्तता केली. परिस्थितीजन्य पुराव्याविषयी आजही कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अभ्यासतात. त्या निकालात मंजुश्रीच्या पत्रांचा ऊहापोह आहे. बहिणीसह जवळच्या माणसांना लिहिलेल्या त्या पत्रांत तिच्या मनाची घालमेल उतरली होती. तिनेही सांगितले होते. तिच्या मृत्यूनंतर विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन महाराष्ट्रात ठिकठिकाणी नेले आणि पुढे 'बोलते व्हा' हे केंद्र चालविले. नावात आवाहन बोलणाऱ्यांना असले, तरी ते बोलणे ऐकून घेणारे माणूस समोर बसवणे हे त्या केंद्राचे काम होते. मुंबईत 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तोही याच जाणिवेतून. पोलिस ठाण्यात आलेल्या स्त्रीसमोर हवालदाराच्या जोडीला प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असावी, ही साधी कल्पना. पुढे ती राज्यभर पसरली.

आणखी एक प्रयोग वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातला. 'सेहत' ही संस्था व मुंबई महापालिका यांनी 2000 च्या सुमारास तिथे 'दिलासा' हे केंद्र सुरू केले. त्यामागचे निरीक्षण अत्यंत व्यवहारी होते. मार खाल्लेली स्त्री पोलिस ठाण्यात जाईल न जाईल, पण हात मोडला तर ती रुग्णालयात येतेच. तिथे ती सांगते, 'जिन्यावरून पडले', 'नळावर घसरले'. डोळ्याभोवतीचे काळेनिळे वळ जिन्यावरून पडून होत नाहीत, हे डॉक्टरला दिसत असते. पण विचारणे हे आपले काम नव्हे, असे तो मानत आलेला असतो. 'दिलासा'ने डॉक्टर व परिचारिकांना विचारायला शिकविले. एकांतात, सासूला वा नवऱ्याला बाहेर बसवून, न रागावता. जखमेची नोंद करताना ती कशी झाली हे तिच्या शब्दांत लिहून ठेवले, तर तोच कागद वर्षा-दोन वर्षांनी न्यायालयात तिच्या बाजूने बोलतो. मुंबईतील इतर रुग्णालयांतही नंतर अशी केंद्रे निघाली. खासगी दवाखान्यांत मात्र, जिथे मध्यमवर्ग जातो, हा प्रश्न आजही क्वचितच विचारला जातो. घरच्या डॉक्टरांचे त्या कुटुंबाशी वर्षांचे संबंध असतात. तेच आड येतात.

शेजाऱ्यांचे काय? 2008 मध्ये 'बेल बजाओ' ही मोहीम दूरचित्रवाणीवर गाजली होती. शेजारून मारहाणीचा आवाज आला, तर पुरुषाने जाऊन फक्त घंटा वाजवायची; दूध मागायचे, वेळ विचारायची, काहीही. फलकांवरच्या त्या आज्ञार्थी वाक्यांच्या गर्दीत ती जाहिरात वेगळी होती, कारण ती ऐकणाऱ्याशी बोलत होती. चाळीत घंटा वाजविण्याचीही गरज नसे. दार लावले तरी आवाज सगळ्या मजल्याला जाई आणि एखादी वडीलधारी बाई सरळ आत शिरे. सदनिकेत दार जाड असते आणि संकोच त्याहून जाड. वाहन लावण्याच्या जागेवरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री बारापर्यंत चालणारे वाद आपण सारेच वाचतो. भिंतीपलीकडच्या किंचाळीविषयी मात्र तिथे कधी अक्षर उमटत नाही. 'दुसऱ्याच्या घरात नाक खुपसले तर आपल्यावरच शेकेल' ही धास्ती असते. ती निराधार आहे. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला अशा घटनेची माहिती देऊ शकते आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

मे 2025 मध्ये पुण्यालगत एका विवाहितेच्या मृत्यूने राज्यभर संताप उसळला. सोने, मोटार, लग्नाचा थाट यांची चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. खटल्याविषयी इथे काही म्हणायचे नाही. ते न्यायालयाचे काम आहे. मात्र त्याच घरातील दुसऱ्या सुनेने आपल्या छळाची तक्रार यंत्रणेपर्यंत महिनोन्महिने आधीच पोहोचविली होती, ही बाब त्यानंतर उजेडात आली. संताप व्यक्त करणाऱ्यांनी हुंड्याविषयी बरेच लिहिले. आधी आलेला तो कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेला आणि कुठे थांबला, हा प्रश्न दोन दिवसांत मागे पडला.

जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. संरक्षण अधिकाऱ्याची चौकशी तिथे करता येते. महिलांसाठी 181, तातडीच्या मदतीसाठी 112 आणि मोफत कायदेशीर साहाय्यासाठी 15100 हे क्रमांक आहेत. शहर पानावरच्या त्या साचेबंद बातमीखाली दर वेळी हे तीन क्रमांक दोन ओळींत छापावेत, असे प्रस्तुत प्रतिनिधीने मध्यंतरी बैठकीत सुचविले होते. सर्वांना ते पटले. त्या रात्री पानावर जाहिरात वाढली आणि त्या दोन ओळी कापल्या गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी त्या लिहायच्या प्रस्तुत प्रतिनिधीकडूनच राहून गेल्या.